"आय-सेव्हन टाकून देतो साहेब": रायझन ७६०० आणि ९०६० एक्सटी, चार महिने वापरून

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच सटकतील. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि त्याच कंपनीचं आरएक्स ९०६० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, त्यातही १६ जीबीवालंच, हे दोन्ही मी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतलं, चार महिने झाले, रोज वापर चालू आहे आणि ह्या दोन वस्तूंबद्दल माझं काहीच रडगाणं नाही. तक्रारी आहेत त्या एका दुकानाबद्दल, प्रोसेसरसोबत फुकट मिळालेल्या पंख्याबद्दल आणि थोड्याफार माझ्या स्वतःच्या अकलेबद्दल, त्या ओघात येतीलच.

तर झालं असं. भाचा माटुंग्याला कॉलेजात आहे, राहायला आमच्याकडे भांडुपला. घरात २०१४ सालचा इंटेल आय३वाला कॉम्प्युटर होता, चौथ्या पिढीचा, डीडीआर३ रॅमवाला, त्यावर लाईट बिलं, आईची कीर्तनं आणि माझं ऑफिसचं एक्सेल एवढं आरामात चालायचं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार होता, विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, आणि भाच्याला पाहिजे व्हॅलोरंट, मोठमोठे स्टोरीवाले गेम आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अधूनमधून ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर. मी म्हटलं जुन्यातच एखादं कार्ड टाकू की. तो म्हणाला, "मामा, त्याचं आता तेराव्याचं जेवण घाल."

आणि नेमका पितृपक्ष लागलेला. आईने सांगून टाकलं, पंधरवड्यात घरात नवी वस्तू येणार नाही, घटस्थापनेनंतर काय ते आणा. घटस्थापना २२ सप्टेंबरला आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर, त्यामुळे सोसायटीतले दोघंतिघं म्हणाले बरंच झालं थांबलात, चारपाच हजार वाचतील. छदाम वाचला नाही. टीव्ही आणि ३२ इंचावरचे मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले, पण प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आधीपासून १८ वरच होते ते तिथेच राहिले. थांबण्याचा फायदा एकच, रोज रात्री जेवणं उरकली की मामा-भाचे भाव बघत बसायचे, आणि निदान कुठल्या नंबराचा अर्थ काय एवढं तरी डोक्यात शिरलं.

शनिवारी निघालो, कारण रविवारी लॅमिंग्टन रोड बहुतेक बंदच असतो. भांडुप ते दादर, तिथे पूल चढून वेस्टर्नची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवाला पण दोन सेकंद विचार करतो. स्टेशनसमोर बी. मेरवानमध्ये चहा घेतला, मावा केक संपलेले होते, ते सकाळीच संपायचे हे मला वीस वर्षं माहीत होतं तरी मी दर वेळी विचारायचो.

पहिलं दुकान रस्त्यावरचंच, काचेचं, एसी, शोकेसमध्ये दिवाळीच्या माळांसारखे लुकलुकणारे पंखे. मालक म्हणाला, "बजेट बोलो साहेब." मी म्हटलं पंच्याहत्तर, वर थोडं ओढू. त्याने पॅड ओढलं आणि न विचारता लिहायला लागला, पहिलीच ओळ, आय७ १४७००एफ. खाली एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी कार्ड, एक एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, ज्याच्या नावापुढे फक्त "५०० वॉट" एवढंच लिहिलं, कॅबिनेट आरजीबी. मी विचारलं आय७ कशाला, तर म्हणे, "आय-सेव्हन टाकून देतो साहेब, पाच वर्षं बघायला नको." आमच्या पिढीला हे वाक्य फार लागू पडतं. आय३ म्हणजे गरीब, आय५ म्हणजे आपण, आय७ म्हणजे साहेब, हे आपल्या डोक्यात असं बसलंय की समोरचा माणूस तेवढ्यावरच पैसे काढतो.

आता हे कोटेशन का वाईट ते नीट सांगतो, कारण सगळा मुद्दा ह्यातच आहे. गेममध्ये प्रत्येक चित्र आधी प्रोसेसर तयार करून देतो, कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, भिंत पडली का, आणि मग ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं. म्हणजे एक पोळ्या लाटणारी आणि एक भाजणारी. १४७००एफ म्हणजे २० कोअर, लाटायला घरातल्या सगळ्या बायका बसवल्या, आणि ३०५० ६ जीबी म्हणजे भाजायला एक फुलक्याचा तवा. पोळपाटावर ढीग लागणार आणि पानात पोळी एकेकच येणार. शिवाय ह्या ३०५० ची वेगळीच गंमत आहे, ह्या नावाचं ८ जीबीचं कार्ड आधीपासून होतं, १२८ बिटचं म्हणजे मेमरीकडे जायचा रस्ता तेवढा रुंद, २५६० क्युडा कोअरवालं म्हणजे कामाला तेवढे हात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं काढलं ते ९६ बिटचं, २३०४ कोअरचं. म्हणजे दोन जीबीच कमी नाहीत, अख्खं कार्डच हलकं आहे, पण खोक्यावर ३०५० हेच मोठ्या अक्षरात. एका बाबतीत ते चांगलं आहे, ७० वॉटमध्ये भागतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या जुन्या डेल-एचपीच्या डब्यात टाकायला ठीक. नव्या मशीनमध्ये, तेही आय७ च्या शेजारी, नाही.

वर एच६१० बोर्ड. १४७००एफ नावाला ६५ वॉटचा असला तरी जोर लावला की २१९ वॉटपर्यंत खेचतो असं इंटेलच्याच कागदावर आहे, आणि स्वस्तातल्या एच६१० बोर्डांना तेवढं सतत द्यायला जमत नाही, मग प्रोसेसर स्वतःच मंद होतो. म्हणजे आय७ चे पैसे देऊन आय५ चं काम. आणि १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांचा व्होल्टेजचा घोळ २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केला, बायोसमधून, म्हणजे बोर्डातच असलेल्या सॉफ्टवेअरमधून, दुरुस्ती दिली, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. आता अपडेटेड बायोसवर चालून जाईल, पण दुकानात कोणी हे सांगत नाही आणि बायोस कोणी अपडेट करून पण देत नाही.

भाच्याने शांतपणे कोटेशनचा फोटो काढला आणि आम्ही "विचार करून येतो" म्हणालो. मालकाला पण कळलं.

दुसरा गाळा एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर, लाकडी जिना, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आत पंचविशीतला मुलगा, मराठी, लालबागचा, मला थेट काका म्हणाला ते सोडून द्या. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मॉनिटर कुठला आहे?"

त्या एका प्रश्नाला मी दहापैकी दहा देतो. आमचा मॉनिटर २४ इंची, १०८० पी, ७५ हर्ट्झ. म्हणजे पंगतीला जेवणारा सेकंदाला ७५ पोळ्याच खाणार आहे, तुम्ही दोनशे करा नाहीतर तीनशे, उरलेल्या वाया. (व्हॅलोरंट खेळणारी पोरं ह्यावर वाद घालतात, म्हणतात जास्त एफपीएस, म्हणजे सेकंदाला जास्त चित्रं, असले की माऊस लवकर ऐकतो, आणि ते पूर्ण खोटं नाही, पण त्यासाठी मामाने वीस हजार जास्त घालावेत इतकं खरं पण नाही.) मॉनिटर बदलणार का, त्याने विचारलं. भाचा म्हणाला हो, मी म्हणालो नंतर बघू. तो हसला आणि म्हणाला मग कार्ड नंतरच्या मॉनिटरचं घ्या आणि प्रोसेसर आत्ताच्या मॉनिटरचा, प्रोसेसर पुढे त्याच बोर्डावर बदलता येतो.

आणि हे तो माल खपवायला बोलत नव्हता, कारण त्याने प्रोसेसर स्वस्तातला सांगितला. ७६०० चा भाव त्या दिवशी १७ हजार. त्याच्या वरची पायरी ९६००एक्स, चारेक हजार जास्त, तोही सहाच कोअरचा, पिढी नवी. त्याच्या वर आठ कोअरचा ७७००, आठ-नऊ हजार जास्त. आणि सगळ्यांच्या तोंडी असलेला ७८००एक्स३डी, ज्यात ९६ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी आहे म्हणून गेममध्ये पळतो, तो तर जवळपास कार्डाच्याच किमतीला. ७५ हर्ट्झवर ह्या चौघांत डोळ्याला शून्य फरक. खाली उतरायचं तर ७५००एफ होता, दोनेक हजाराने कमी, वेगात जवळजवळ तसाच, पण नावातल्या एफचा अर्थ आत ग्राफिक्स नाही. मी दोन हजार वाचवायच्या बेतात होतो, मुलगा म्हणाला काका ते दोन हजार द्या, कार्ड वॉरंटीला गेलं तर महिनाभर घर अंधारात राहील. ७६०० मध्ये अगदी जुजबी ग्राफिक्स आहे, गेमचं नाही पण स्क्रीन दिसते. हे पटलं. ह्याच ग्राफिक्सने नंतर आम्हाला दोन दिवस मूर्ख बनवलं, सांगतो पुढे.

७६०० बोर्डावर ज्या खाचेत बसतो ते एएम५ सॉकेट, ते घ्यायचं आणखी एक कारण म्हणजे एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्याच्या पुढेही ह्याच सॉकेटवर प्रोसेसर देऊ असं जाहीर केलंय. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट संपला, ऑक्टोबर २०२४ ला नवे प्रोसेसर १८५१ वर आले. म्हणून १७०० सॉकेटचा इंटेल १२४००एफ कितीही स्वस्त मिळत असला (आणि मिळत होता, गेमसाठी आजही चांगला आहे) तरी पुढची पायरी त्याच बोर्डावर फारशी नाही. एएम५ चा बी६५० बोर्ड साडेबारा हजार, इथे मात्र मी कुरकुरलो, प्रोसेसरच्या पाऊणपट किमतीचा बोर्ड म्हणजे नवऱ्याइतकंच वऱ्हाड जड. पण डीडीआर५ रॅमच्या धड बोर्डांत तेव्हा स्वस्त असं फार काही नव्हतंच.

एक गोष्ट इथे नवीन माणसाला माहीत नसते ती म्हणजे ट्रे आणि बॉक्स. बॉक्स म्हणजे सीलबंद खोका, सोबत पंखा, तीन वर्षं कंपनीची वॉरंटी. ट्रे म्हणजे नुसता प्रोसेसर प्लॅस्टिकच्या डबीत, हजार-दीड हजार कमी, वॉरंटी दुकानदार देईल ती, बहुतेक वर्षभर, तीही दुकान जागेवर असेल तर. प्रोसेसर सहसा मरत नाही हे खरं, तरी मी बॉक्स घेतला.

आता कार्ड. खरे पैसे इथे आणि खरा घोळ पण इथेच. आमच्यासमोर पर्याय होते आरटीएक्स ५०६०, ८ जीबी, तीसच्या आसपास. ९०६० एक्सटी ८ जीबी, तेवढ्यालाच. ९०६० एक्सटी १६ जीबी, साडेसदतीस-अडतीस. ५०६० टीआय १६ जीबी, सेहेचाळीसच्या वर. इंटेलचं बी५८० पण होतं, १२ जीबी आणि सगळ्यात स्वस्त, पण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो, जुन्या प्रोसेसरवर तर ते फारच जाणवतं, आणि रीसाइझेबल बार नावाचं बायोसमधलं सेटिंग चालू नसेल तर कार्ड लंगडतं. आमच्या ७६०० वर चाललं असतं, भाच्याला इंटेलचं कार्ड म्हटल्यावर कॉलेजात तोंड दाखवायची पंचाईत म्हणून बाद झालं, हे काही टेक्निकल कारण नाही, पण तसं झालं.

८ आणि १६ मधले साडेसात हजार का द्यायचे ह्यावर आमची लोकलमध्ये येतानाच भांडणं झालेली. कार्डाची मेमरी म्हणजे तुमची राहती खोली. भिंतींचे, कपड्यांचे, चेहऱ्यांचे सगळे टेक्स्चर, म्हणजे वर चढवलेली चित्रं, तिथे हाताशी पाहिजेत. मावलं नाही तर कार्ड ते जास्तीचं सामान कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवतं, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतलं सामान समोरच्या चाळीत नातेवाइकाकडे ठेवल्यासारखं, दर वेळी वाटी पाहिजे की रस्ता ओलांडून जा. सरासरी एफपीएसमध्ये हे फारसं दिसत नाही, म्हणून व्हिडिओतले आकडे बघून माणूस फसतो. खेळताना दिसतं, मधेच अर्धा सेकंद अडकतं, किंवा भिंत जवळ गेलं तरी चिखलासारखी धूसर. आणि गेल्या दोन-तीन वर्षांतले बरेच मोठे गेम १०८० पीलाच टेक्स्चर पूर्ण वर केलं की आठ जीबी ओलांडतात. प्रोसेसरच्या एका पायरीला आठ-नऊ हजार घालून आम्हाला काहीच मिळालं नसतं, कार्डाच्या ह्या एका पायरीला साडेसात हजार घालून अजून तीनचार वर्षं सेटिंग खाली ओढायला लागणार नाहीत. कोटेशनमध्ये दोन्ही ओळी सारख्याच दिसतात, "अपग्रेड, अमुक हजार".

मग ५०६० टीआय १६ का नाही? त्याचं खरं उत्तर ब्लेंडर. ब्लेंडरमध्ये सायकल्स ह्या त्यातल्या इंजिनने रेंडर करायचं, म्हणजे शेवटचं चित्र काढायचं असेल तर एनव्हिडियाच, त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रामुळे फरक एवढा आहे की वादच नको. एएमडीचं कार्ड एचआयपी ह्या त्यांच्या तंत्रावर चालतं पण सावकाश. भाच्याला मी सरळ विचारलं, महिन्यात किती वेळा ब्लेंडर उघडतोस. तो आधी "रोज" म्हणाला, मग माझ्याकडे बघून "सेमिस्टरला दोनदा" म्हणाला. सेमिस्टरमधल्या दोनदासाठी आठ-नऊ हजार नाहीत. तो थ्रीडीवरच पोट भरणार असता तर दिले असते आणि प्रोसेसर आणखी खाली आणला असता.

तर ९०६० एक्सटी १६ ठरलं, आणि लालबागच्या मुलाकडे नेमकं तेच नव्हतं, सोमवारी येईल म्हणाला. थांबायला पाहिजे होतं. पण शनिवार, दोन लोकल बदलून आलेलो, हातात पिशव्या, खाली रस्त्यावर तिसऱ्या एका दुकानात "है ना, सिक्स्टीन है" ऐकलं आणि आत गेलो. साडेअडतीस सांगितले, अडतीसला आला, बिल केलं, खोका पिशवीत.

ग्रँट रोडच्या प्लॅटफॉर्मवर बाकड्यावर बसलो, बोरिवली स्लो सहा मिनिटांवर. भाच्याला राहवेना, त्याने खोका बाहेर काढला. पुढून सगळं बरोबर, मोठ्या अक्षरात ९०६० एक्सटी. त्याने खोका आडवा केला, कडेला बारकोडचं पांढरं लेबल असतं ना, त्यावर बोट ठेवलं आणि काहीच बोलला नाही. ८जी. मी चष्मा वर करून परत वाचलं. ८जी. बिल काढलं, बिलावर फक्त "आरएक्स ९०६० एक्सटी - १ नग", जीबीचं नाव नाही, सिरियल नंबर नाही. गाडी आली, गेली.

परत गेलो. दुकानदार आधी म्हणाला तुम्ही हेच मागितलं, मग म्हणाला मुलाने चुकून दिलं, मग म्हणाला १६ चं संपलं, हे ठेवा, पाचशे परत देतो. अडतीस हजारांना तीस हजारांची वस्तू आणि वर पाचशेची मेहरबानी! मी आवाज चढवला नाही, भाच्याने फोनवर दोन्हींचे भाव उघडून काउंटरवर ठेवले, बाजूला अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती ती पण बघायला लागली, तेव्हा कुठे पैसे परत आले, यूपीआयने दिलेले होते ते रोखीत, का ते मी विचारलं नाही. सील फोडलं असतं तर मात्र काही मिळालं नसतं. त्यामुळे खोक्याच्या पुढच्या चित्राकडे बघूच नका, कडेचं लेबल वाचा, दुकानातच वाचा, आणि बिलावर जीबी आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, वॉरंटीला तोच कागद चालतो. विनाबिल थोडं स्वस्त देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

बुधवारी लालबागच्या मुलाकडून १६ चं घेतलं, सदतीस नऊशे. सोबत ६५० वॉटचा ब्राँझ रेटिंगचा एसएमपीएस, पाच हजार. ह्या कार्डाला एएमडी ४५० वॉट पुरे म्हणते, तरी मी जास्त घेतला कारण पुढे कार्ड बदलेल, एसएमपीएस परत विकत घ्यायचा नाही. ३२ जीबी डीडीआर५ रॅम दहाच्या आत, एक टीबी एसएसडी, साधा जाळीचा कॅबिनेट, सगळं मिळून नव्वदला टेकलं. बजेट पंच्याहत्तर होतं, बायकोला पंच्याऐंशी सांगितलंय.

घरी जोडलं आम्हीच. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, आई म्हणाली बिघडलेलं दिलंय. मी बंद करणार तेवढ्यात भाच्याने हात धरला, डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, तेव्हा असं होतंच, तीनेक मिनिटांनी चित्र आलं. त्याच वेळी बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाचं रॅमचं सेटिंग चालू करायला पाहिजे, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वरच चालत राहते आणि कोणी काही सांगत नाही.

पण खरी फजिती पुढे. व्हॅलोरंट चालला, झकास. दुसऱ्या दिवशी एक मोठा गेम लावला तर नऊ-दहा एफपीएस, स्लाईड शो. दोन दिवस मी कार्डाला, एएमडीला, लालबागला आणि स्वतःला शिव्या घातल्या, ड्रायव्हर तीनदा टाकला. तिसऱ्या दिवशी टास्क मॅनेजर उघडला तर जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सच्या चिप, दोन दिसतायत, एक शंभर टक्के घाम गाळतोय आणि दुसरा शून्यावर बसलाय. मागे वाकून बघितलं. एचडीएमआय केबल मी कार्डात न लावता बोर्डाच्या पोर्टात लावली होती. ७६०० मधल्या त्या जुजबी ग्राफिक्सवर आम्ही दोन दिवस खेळत होतो, आणि व्हॅलोरंट इतका हलका आहे की तो त्यावरही चालला म्हणून संशय आला नाही. एफवाला घेतला असता तर पहिल्या मिनिटालाच काळ्या पडद्याने चूक सांगितली असती. भाच्याने हे कॉलेजात सगळ्यांना सांगितलंय, केबल मामाने लावली एवढं आवर्जून.

केबल बदलल्यावर मात्र काय सांगू. तोच गेम, सगळी सेटिंग वर, ७५ च्या खाली येत नाही. मेमरी किती लागते ते कोपऱ्यात दिसत ठेवलंय, दोन गेम दहाच्या वर जातात, म्हणजे ते साडेसात हजार रोज समोर दिसतात. व्हॅलोरंटमध्ये तीनशेच्या वर, जे मॉनिटर दाखवूच शकत नाही. प्रोसेसर गेममध्ये निम्म्यावर असतो. कार्डाला एकच आठ पिनची केबल, १६० वॉटच्या आसपास, त्यामुळे आमच्या बारक्या खोलीत ऑक्टोबरच्या उकाड्यात सुद्धा भट्टी झाली नाही. साधं ६०० व्हीएचं यूपीएस मात्र गेम चालू असताना ह्याला पेलत नाही, ते राऊटरला लावून टाकलं.

आता ज्यांना आज घ्यायचंय त्यांच्यासाठी हिशोब बदललाय. आम्ही घेतलं आणि महिन्याभरातच रॅमचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरांना सगळी मेमरी चाललीय, डिसेंबर २०२५ मध्ये तर मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती ब्रँडच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. आमच्याच किटचा भाव आता दुप्पटीच्या वर सांगतात. त्यामुळे ज्यांच्याकडे डीडीआर४ रॅम आधीच आहे त्यांनी आमची नक्कल करू नका. ऑफिसातल्या एकाकडे २०१९ चं मशीन, बी४५० बोर्ड, रायझन ५ २६००. त्याला मी नवं काही घेऊ दिलं नाही, आधी बायोस अपडेट केला, मग फक्त रायझन ५ ५६०० प्रोसेसर टाकला, दहाच्या आत काम झालं, बोर्ड तोच, रॅम तीच. पण त्याने कार्ड घेताना एक बघायचं, तो बोर्ड पीसीआयई ३ चा आहे, म्हणजे कार्ड बसायची खाच जुन्या पिढीची, आणि ५०६० सारखी कार्डं १६ ऐवजी ८ लेनच वापरतात, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्यांचा रस्ता अर्धा आणि वर जुना, आठ जीबी भरली की तिथेच ट्रॅफिक जाम. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं. जुन्या बोर्डवाल्यांना हा फरक आमच्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

सेकंडहँडबद्दल बरेच विचारतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम ह्या क्रिप्टो नाण्याचं मायनिंग बंद झालं तेव्हापासून त्यात राबलेली कार्डं बाजारात फिरतायत, धुऊन पुसून. आरएक्स ५८० म्हणून २०४८ एसपीवालं (एसपी म्हणजे कार्डाचे कोअर) कमी ताकदीचं देतात, खरं ५८० हे २३०४ चं. तिथेच चालवून दाखवत असतील तर बघा, नाहीतर सोडा.

बाकी तक्रार उरली पंख्याची. ७६०० सोबत जो छोटा पंखा येतो तो थंड ठेवतो पण जोरात काम लागलं की टपरीवरच्या मिक्सरसारखा आवाज, रात्री अकरानंतर आई हॉलमधून ओरडते. दीड-दोन हजारांत टॉवर कूलर मिळतो, एएम५ ची क्लिप सोबत आहे का ते विचारून घ्यायचं. ह्या शनिवारी परत ग्रँट रोडला चाललोय, भाच्याने सोबत येतो म्हणून सांगितलंय आणि कालपासून मला १४४० पी मॉनिटरच्या लिंक पाठवतोय.